तिने सांगितलं, आता आपण काय म्हणायचं?

नवऱ्याने मारलं आणि पावसाने झोडपलं, तर दाद कुणाकडे मागायची? ही म्हण माझ्या आजीच्या तोंडी होती, आईच्याही होती. आता अवकाळी पाऊस पीक झोडपून गेला की तलाठी पंचनाम्याला येतो, कृषी सहायक बांधावर उभं राहून फोटो काढतो आणि भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत असतं. म्हणीतल्या पावसाला उत्तर मिळालं. नवऱ्याच्या माराचं उत्तरही कायद्याने २००६ सालीच दिलंय, पण ते शेजारणीला ठाऊक नसतं, जावेला नसतं, कित्येकदा पोलीस पाटलालाही नसतं.

बाईवर होणारी हिंसा थांबवण्यासाठी आणि जिच्यावर ती झाली तिला सावरण्यासाठी वस्तीतल्या, गावातल्या साध्या माणसांना दिलं जाणारं प्रशिक्षण नेमकं असतं काय, ते इथे सांगते. गेली काही वर्षं मी अशी प्रशिक्षणं घेते. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बाया, कधी तरुण मंडळाची मुलं. लोकांना वाटतं, कायद्याची कलमं शिकवत असतील. कलमं येतात, पण दुपारनंतर. सकाळचा सगळा वेळ एकाच गोष्टीवर जातो: एखादी बाई तुमच्यापाशी पहिल्यांदा तोंड उघडते, तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं?

त्या वाक्याला एवढं महत्त्व का, ते आकड्यांवरून कळेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के होतं, म्हणजे चारातली एक. त्याच सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांपैकी ७७ टक्के जणींनी कधी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. त्यातल्याही बहुतेक जणी आधी माहेरी, सासरच्या माणसांकडे, मैत्रिणीकडे किंवा शेजारी गेल्या. पोलीस ठाण्याची पायरी फार थोड्यांनी चढली. म्हणजे दाद मागायचं पहिलं ठिकाण आपला ओटा, आपला नळ, आपलं अंगण हेच असतं. तिथे "तुझंच काहीतरी चुकलं असेल" हे ऐकू आलं, तर ती दुसऱ्या दारी जात नाही.

प्रशिक्षणातला एक खेळ सांगते. समाजमंदिरात सतरंजीवर वीस-पंचवीस जणी गोल बसतात. मध्ये खुर्चीवर एक जण बसते, ती मार खाणारी बाई. बाकीच्यांच्या हातात एकेक ओढणी किंवा जुनी साडी. मग एकेकीने उठायचं, आपण कोण ते सांगायचं, वाक्य बोलायचं आणि हातातलं कापड तिच्या अंगावर टाकायचं. आई म्हणते, "दिल्या घरी सुखी राहायचं बाई." सासू म्हणते, "आम्ही नाही का सोसलं?" शेजारीण म्हणते, "तूही जरा तोंड आवर." भाऊ म्हणतो, "आत्ता पोरांच्या परीक्षा आहेत, नंतर बघू." ठाण्यातला हवालदार म्हणतो, "घरचं घरी मिटवा." दवाखान्यात कुणी काहीच विचारत नाही, केसपेपरवर "पडून लागले" असं लिहितात आणि एक ओढणी टाकतात. ही वाक्यं मी पुरवत नाही. बायांना ती पाठ असतात. दहा-बारा कापडं पडली की खुर्चीत कोण बसलंय ते दिसत नाही. एकदा आत बसलेली अंगणवाडी सेविका बाहेर आल्यावर म्हणाली, "गरम तर व्हायलाच लागलं होतं, पण नंतर नंतर तुमचे आवाजपण नीट ऐकू येईनात." तेवढ्यावर खोलीतल्या सगळ्या गप्प झाल्या.

मग उलटा खेळ. प्रत्येकीने वेगळं वाक्य बोलायचं आणि आपलं कापड काढून घ्यायचं. इथे वेळ लागतो. बोलायची इच्छा असते, शब्दच सापडत नाहीत. "बरं केलंस सांगितलंस." "यात तुझी चूक नाही." "माझा तुझ्यावर विश्वास आहे." "आत्ता घरी जायला भीती वाटतेय का?" "तुला काय करावंसं वाटतंय?" एवढी साधी वाक्यं, पण आपल्यापैकी फार थोड्यांनी ती घरात कधी ऐकलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्यसेवकांसाठी हीच गोष्ट पाच पायऱ्यांत बांधली आहे: ऐका, तिची गरज आणि काळजी विचारा, विश्वास असल्याचं दाखवा, सुरक्षितता वाढवा, पुढच्या मदतीशी जोडून द्या. सल्ला देणं त्या पाचांत नाही, हे मी मुद्दाम सांगते. आपल्याकडे सल्ला फार लवकर येतो.

सल्ले दोन जातीचे असतात आणि दोन्ही घातक. पहिला, "जमवून घे". दुसरा, "सोडून दे त्याला, मी असते तर एक दिवस राहिले नसते". दुसरा ऐकायला शूर वाटतो, पण बाई घर सोडते किंवा सोडायचं ठरवते तोच काळ सगळ्यांत धोक्याचा असतो. हातातून सुटतेय असं दिसल्यावर मारणाऱ्याचा हात जास्त चालतो. म्हणून कधी निघायचं, निघायचं की नाही, हे ती ठरवते. आपण तयारीला मदत करायची.

तयारी म्हणजे काय? आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाची पत्रिका नाहीतर एखादा फोटो, चालू औषधं, दोन कपडे, थोडे पैसे. मूळ कागद हलवता येत नसतील तर झेरॉक्स. हे सगळं एका पिशवीत घालून भरवशाच्या घरी ठेवायचं. भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात शिरायचं नाही, कारण तिथे विळी आणि गॅस असतो. दाराच्या बाजूला राहायचं. मोठ्या मुलाला एक खुणेचा शब्द शिकवायचा, तो ऐकला की त्याने काकूंकडे पळायचं. आणि काही खुणा दिसल्या तर थांबायचं नाही: गळा दाबला असेल, हत्यार किंवा पेटवण्याची धमकी दिली असेल, मार वाढत चालला असेल, बाई गरोदर असेल. गळ्यावर वळ दिसत नाहीत म्हणून बाया "फक्त गळा धरला" असं म्हणतात. तो "फक्त" ऐकला की मी दचकते. एकदा गळा दाबणारा पुढे जीव घेण्याची शक्यता कितीतरी वाढते.

आता हिंसा कशाला म्हणायचं, ते पटकन. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा (तो २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला) चार प्रकार मानतो: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक. मजुरीचे पैसे काढून घेणं, एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवणं, दागिने विकणं, किराण्याला पैसे न देणं ही हिंसाच आहे. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय, लग्नाशिवाय सोबत राहणारी जोडीदार, सगळ्या त्यात येतात. जमिनीवर सही कर म्हणून म्हाताऱ्या आईला उपाशी ठेवणारा मुलगाही यात बसतो.

या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे राहत्या घराचा हक्क. घर कुणाच्याही नावावर असो, ती जिथे नांदत होती तिथून कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. शिवाय संरक्षणाचा आदेश, खर्चासाठी पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई, हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. तो अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो. त्याच्या आधी संरक्षण अधिकारी, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी, तिचं म्हणणं घरगुती घटना अहवालाच्या नमुन्यात लिहून घेतात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ बराच जास्त लागतो आणि हे बाईला आधीच सांगावं लागतं, नाहीतर दुसऱ्या तारखेलाच तिचा धीर सुटतो. संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ज्याला अजून सगळे "चारशे अठ्ठ्याण्णव" म्हणतात, ते नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या छळाबद्दलचं फौजदारी कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ क्रमांकाचं झालं. ते आणि २००५ चा कायदा हे दोन वेगळे रस्ते आहेत. नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं नाही, फक्त मार थांबवायचा आहे आणि घरात राहायचं आहे, असं जी म्हणते, तिला दुसरा रस्ता दाखवायचा असतो.

दारं कुठली, तर १८१ ही महिला मदतवाहिनी, तातडीच्या पोलीस मदतीला ११२, मुलांसाठी १०९८. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर, जिथे थोडे दिवसांचा निवारा, दवाखाना, पोलीस, वकील आणि समुपदेशन एका छताखाली मिळावं अशी योजना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रात आणखी दोन जुनी दारं आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्तीने पोलीस ठाण्यातच बसायचं ही कल्पना तिथली, पुढे ती राज्यभर गेली. आणि वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र उभं केलं. बाई हाताला प्लास्टर घालायला येते तेव्हा नर्सने नीट विचारलं तर ती बोलते, हे त्यामागचं साधं निरीक्षण. सासूला सांगून पोलिसांकडे जाता येत नाही, पण दवाखान्यात येता येतं.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर घड्याळ महत्त्वाचं असतं. एचआयव्ही टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, गर्भधारणा टाळण्याची गोळीही जितकी लवकर तितकी बरी. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला मोफत उपचार द्यावेच लागतात, नाकारणं गुन्हा आहे. "आधी एफआयआर आणा" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. कपडे धुवायचे नाहीत, प्लास्टिकमध्ये ठेवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे. पण तिने आंघोळ केली असेल, कपडे धुतले असतील, तरी तिला दोष न देता घेऊन जायचं. हद्दीचं कारण सांगून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने ती घ्यावी लागते. मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकतं, ते विधी सेवा प्राधिकरणामार्फत.

इथेच एक अवघड गाठ आहे आणि प्रशिक्षणात ती सुटी करून दाखवावी लागते. मोठ्या बाईने सांगितलेलं कुणालाही सांगायचं नाही. जाऊबाईला नाही, गटाच्या व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख छापणं किंवा जाहीर करणं हा गुन्हाच आहे. पण सांगणारं मूल अठराच्या आतलं असेल आणि गोष्ट लैंगिक अत्याचाराची असेल, तर पॉक्सो कायद्याने आपल्याला पोलिसांना किंवा बालकांच्या विशेष पोलीस पथकाला कळवावंच लागतं. म्हणून मुलाला "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन आधी देऊन बसायचं नाही. "तुला सुरक्षित ठेवायला मला काही मोठ्या माणसांना सांगावं लागेल, पण तुला विचारल्याशिवाय आणखी कुणाला नाही," असं म्हणायचं. ही दोन वाक्यं आम्ही मोठ्याने म्हणून सराव करतो.

आणि मार चालू असताना, भिंतीपलीकडून आवाज येत असताना? २००८ मध्ये देशभर 'बेल बजाओ' मोहीम चालली. दार वाजवा, काहीही कारण सांगा, एवढंच तिचं म्हणणं. आमच्याकडे बेल नसते, पण वाटी असते. एका वस्तीत बायांनी आपसांत ठरवलं: आवाज आला की जिला आधी ऐकू येईल तिने दुसरीला हाक मारायची आणि दोघींनी जायचं, एकटीने नाही. हातात वाटी. "वहिनी, वाटीभर साखर मिळेल का?" दार उघडलं जातं. उगारलेला हात खाली येतो. साखर मोजून घेण्यात दोन-तीन मिनिटं जातात आणि तेवढ्यात वहिनीच्या चेहऱ्याकडे बघता येतं. नवऱ्याला जाब विचारायचा नाही, तो राग मागून तिच्यावर निघतो. हत्यार असेल तर दाराशीही जायचं नाही, ११२ लावायचा. दुसऱ्या दिवशी तो कामाला गेला की वाटी परत करायच्या निमित्ताने पुन्हा जायचं. बोलणं तेव्हा होतं.

गावपातळीवर मला एका गोष्टीशी नेहमी झगडावं लागतं, ती म्हणजे तडजोड. तंटामुक्तीची मोहीम २००७ मध्ये आली, बांधाचे, पाण्याचे कितीतरी वाद तिने गावातच मिटवले. पण बांधाच्या वादात दोघांनी एकेक हात मागे सरायचं असतं. माराच्या बाबतीत बाईने कुठून मागे सरायचं? चार मोठ्या माणसांसमोर त्याने कान पकडले, तिने माफ केलं, पेढे वाटले, आणि आठवड्याने तिने गावात अब्रू काढली म्हणून पुन्हा मारलं, असं घडतं. हा वाद दोन बाजूंचा नसतो, एवढं गावच्या तंटामुक्ती समितीतल्या माणसांना पटलं की प्रशिक्षणाचे पैसे वसूल झाले असं मी मानते.

पुरुषांशिवाय हे काम अर्धं राहतं. १९९१ मध्ये मुंबईत एका पत्रकाराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: बायकोला मारणं चूक आहे असं मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावं. दोनशेहून अधिक पुरुषांनी पत्रं पाठवली आणि त्यातून १९९३ मध्ये 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली, ती आजही कॉलेजच्या मुलांमध्ये काम करते. त्याआधी १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेच्या मृत्यूनंतर नारी समता मंच उभा राहिला होता. पुढे त्यांनी पुरुषांशी बोलण्यासाठीही केंद्र चालवलं. तरुणांच्या गटात मी दारूचा विषय आधीच काढते, कारण तो येणारच असतो. दारूने मार वाढतो हे खरं. पण पिऊन आलेला माणूस मुकादमावर हात उचलत नाही, रस्त्यातल्या हवालदारावर उचलत नाही, दोन गल्ल्या ओलांडून बरोबर आपल्या घरात येऊन उचलतो. कुणाला मारता येतं हे त्याला पिऊनही कळतं. मुलं यावर बराच वेळ बोलतात, त्यात आपल्या वडिलांबद्दल बोलणारी असतात.

याने खरंच फरक पडतो का? युगांडाच्या कंपाला शहरात 'सासा' नावाचं काम झालं. स्वाहिली भाषेत सासा म्हणजे आता. आठ वस्त्या निवडल्या, चारांत काम केलं, चारांत नंतर करायचं ठरवलं. त्याच वस्तीतल्या साध्या माणसांना तयार करून त्यांनी आपल्या आसपासच्यांशी वर्षानुवर्षं बोलत राहायचं. चार-पाच वर्षांनी मोजलं तेव्हा काम झालेल्या वस्त्यांत, मागच्या वर्षभरात जोडीदाराकडून मार खाल्ल्याचं सांगणाऱ्या बायांचं प्रमाण दुसऱ्या वस्त्यांपेक्षा ५२ टक्क्यांनी कमी होतं. वस्त्या थोड्या होत्या, म्हणून तो आकडा तंतोतंत धरू नये. मला त्यातली वर्षं महत्त्वाची वाटतात. आपल्याकडे ८ मार्चला एक दिवसाचा कार्यक्रम होतो, प्रमाणपत्रं वाटतात, फोटो निघतो. एका दिवसात माहिती मिळते, जीभ वळत नाही. महिन्यातून एकदा, बचत गटाच्या बैठकीनंतर अर्धा तास, असं दोन वर्षं चाललं तर वळते.

आणि जिला आपण प्रशिक्षण देतो तिच्या अंगावर आपण काय टाकतोय, याचाही विचार हवा. राजस्थानच्या भटेरी गावातली भंवरी देवी सरकारी कार्यक्रमातली साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती होती. १९९२ मध्ये तिने एका तान्ह्या मुलीचा बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, म्हणून तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. तिच्या लढ्यातून सर्वोच्च न्यायालयाचे १९९७ चे विशाखा निर्देश आले आणि पुढे कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. आज घरकामगार बाईलासुद्धा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, ती त्या साथिनीमुळे. पण तिला एकटीला पुढे पाठवणाऱ्यांनी तिच्या पाठीशी कोण आहे ते पाहिलं नव्हतं. म्हणून आम्ही कुठल्याही ताईला एकटीला कुणाच्या घरी धाडत नाही आणि तिच्या अडचणीला कुणाला फोन करायचा हे आधी ठरवतो. शिवाय चारातली एक हा हिशेब सतरंजीवर बसलेल्यांनाही लागू असतो. वीस जणींत पाच. खेळ चालू असताना कुणी उठून बाहेर गेली तर एक सहकारी तिच्या मागे जाते, पाणी देते, काही विचारत नाही.

शेवटचा अर्धा तास फोनचा. १८१ प्रत्येकीने आपल्या मोबाइलमध्ये ठेवायचा, पण नवरा फोन तपासतो असं निम्म्या जणी सांगतात, म्हणून नाव आपापलं निवडायचं. कुणी 'गिरणी' लिहितं, कुणी 'फॉल पिको', कुणी 'गॅस बुकिंग'. लावून झाल्यावर यादीतून तो कॉल पुसायचा कसा, हेही शिकवतो. मागच्या खेपेला एका बाईकडे फोनच नव्हता. तिने बचत गटाचं पासबुक काढलं, शेवटच्या पानावर हप्त्याच्या रकान्यात माझ्याकडून लिहून घेतलं: १८१. आणि पुढे स्वतःच्या हाताने 'रु.' असं लिहिलं.